अपडेट आलं आणि गाडी बदलली: रेसिंग गेममधल्या फिजिक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रभर डाउनलोड चालतं, सकाळी गेम उघडतो आणि पहिल्याच वळणावर ओळखीची गाडी अनोळखी वागते. मग त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः ग्रान टुरिस्मो 7 आणि असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या दोन गेमची आहेत. दुसऱ्याचं नाव लांबलचक असल्यामुळे पुढे त्याला एसीसी म्हटलं आहे.

काल नीट चालणारी गाडी आज गरकन फिरतेय. माझा हात बिघडला की गेमनेच काहीतरी केलं?

आधी गेमचा आवृत्ती क्रमांक बघा. तो बदलला नसेल तर खापर गेमवर फोडता येणार नाही. बदलला असेल तर पॅच नोट्स वाचा, पण त्यावर फार विसंबू नका. 'फिजिक्स सिम्युलेशनमध्ये सुधारणा' या एका ओळीमागे टायरचं अख्खं गणित बदललेलं असू शकतं. उलट लांबलचक यादी असूनही तुमच्या गाडीला काहीच झालेलं नसतं, असंही होतं.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. काही अपडेटनंतर तुमच्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात. ट्रॅक्शन कंट्रोल बंद झालेला असतो, एबीएसची पातळी बदललेली असते, व्हीलचं, म्हणजे गेम खेळायच्या स्टीअरिंगचं, कॅलिब्रेशन गेलेलं असतं. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

'फिजिक्स बदललं' म्हणजे नेमकं काय बदललं?

जवळजवळ नेहमीच टायर. इंजिन, गिअर, एरोडायनॅमिक्स यांचे आकडे ठरलेले असतात आणि खऱ्या गाडीवरून घेता येतात. टायर मात्र रबर आहे. तो तापतो, झिजतो, दबतो, पिळतो आणि त्याचं वागणं एका समीकरणात बसत नाही. म्हणून प्रत्येक स्टुडिओ त्यावर वर्षानुवर्षं काम करत राहतो.

वळणात टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि तो प्रत्यक्षात जातो थोड्या वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढतो तशी ग्रिप, म्हणजे रस्त्यावरची पकड, वाढते, काही अंशांवर शिखर गाठते आणि मग उतरू लागते. नवं अपडेट आलं की सगळे विचारतात, 'ग्रिप वाढली की कमी झाली?' म्हणजे ते शिखराची उंची विचारतात. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. आपल्या हाताला जाणवतो तो शिखराच्या पलीकडचा उतार. तो कड्यासारखा तुटलेला असेल, तर गाडी काही न सांगता पाठीमागून सुटते आणि तुम्ही उलटं स्टीअरिंग फिरवेपर्यंत सगळं संपलेलं असतं. तोच उतार सौम्य असेल, तर मागची चाकं घसरत असतानाही गाडी हातात राहते. दोन्ही मॉडेलमध्ये कमाल ग्रिप अगदी सारखी असू शकते आणि निष्णात ड्रायव्हरचा लॅप टाइमही जवळपास तोच येतो. तुमच्याआमच्यासारख्यांचे मात्र एका मॉडेलमध्ये नाकी नऊ येतात आणि दुसऱ्यात मजा येते.

दुसरी गोष्ट भाराची. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून ग्रिप दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. त्यामुळेच ज्या टोकाला, पुढे किंवा मागे, वजन बाहेरच्या चाकावर जास्त ढकललं जातं, ते टोक आधी घसरतं. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी, कडक केला की अंडरस्टीअर येतो, म्हणजे पुढची चाकं आधी घसरून गाडी वळणाबाहेर वाहते, तो याच कारणाने. अपडेटमध्ये या नात्याचा एक आकडा जरी हलला, तरी सगळ्या गाड्यांना फरक पडतो, पण सारखा नाही. जड आणि उंच गाडीला तो जोरात जाणवतो, हलक्या आणि बुटक्या गाडीला जेमतेम. त्यामुळे एकाच अपडेटबद्दल दोन मित्र अगदी उलट बोलत असतील, तर दोघेही खरं बोलत असण्याची शक्यता आहे.

360 हर्ट्झ, 400 हर्ट्झ असं काहीतरी ऐकतो. त्याने गाडी चालवताना काय फरक पडतो?

गेम गाडीचं गणित सलग करत नाही, ठरावीक अंतराने करतो. ते सेकंदाला किती वेळा होतं, ते हर्ट्झमध्ये सांगतात.

हिशेब सोपा आहे. ताशी 216 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 60 मीटर. गणित सेकंदाला 60 वेळा होत असेल, तर दोन गणितांच्या मधे गाडी पूर्ण एक मीटर पुढे गेलेली असते. या मीटरभरात कर्बचे, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचे, दोन-तीन दात येऊन गेले, तर टायरला त्यांचा पत्ताही लागत नाही, किंवा एखादाच नको त्या क्षणी लागतो आणि गाडी उडते. 360 हर्ट्झला तेच अंतर साधारण 17 सेंटीमीटर होतं, 400 हर्ट्झला 15.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या फोर्झा मोटरस्पोर्टची जाहिरात याच आकड्यांवर झाली होती. आधीच्या फोर्झात टायर रस्त्याला एका बिंदूपाशी टेकायचा आणि सेकंदाला 60 वेळा तपासला जायचा. नव्यात आठ बिंदू आणि 360 वेळा. कर्बवरून जाताना हा फरक खरोखर जाणवतो. सपाट डांबरावरच्या लांब वळणात मात्र हर्ट्झपेक्षा टायरचं मॉडेल महत्त्वाचं ठरतं, त्यामुळे मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका.

ग्रान टुरिस्मो 7 च्या 1.49 अपडेटनंतर गाड्या हवेत उडत होत्या, ते काय प्रकरण होतं?

जुलै 2024 मधलं हे अपडेट. गेम मार्च 2022 मध्ये आला होता. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी तो बनवणाऱ्या पॉलिफोनी डिजिटलने सस्पेन्शन आणि टायरच्या मुळाशी हात घातला. गाडीचं वजन पुढे-मागे, डावी-उजवीकडे कसं सरकतं हे नव्याने मांडलं. बहुतेक गाड्या आधीपेक्षा नैसर्गिक वागू लागल्या. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, वळणात एका बाजूला कलणं हे हाताला कळू लागलं.

पण काही गाड्या, विशेषतः काही ठरावीक सेटिंग केलेल्या, रस्त्यावर बेडकासारख्या उड्या मारू लागल्या. काही तर सरळ आकाशात गेल्या. ते व्हिडिओ जगभर फिरले. पुढच्याच अपडेटमध्ये दुरुस्ती आली.

स्टुडिओच्या आतलं नेमकं कारण बाहेर बसून सांगता येत नाही, पण असं होण्यामागचं तत्त्व सर्वांना माहीत आहे. स्प्रिंग दाबली की ती उलट ढकलते आणि डॅम्पर ती ऊर्जा खातो. गणित तुकड्या-तुकड्यांनी होत असताना स्प्रिंग फार कडक असेल किंवा सस्पेन्शन तळाला टेकत असेल, तर एका पायरीत ढकलणारं बल गरजेपेक्षा जास्त निघतं. गाडी वर जाते, खाली येताना आणखी दबते, पुढच्या पायरीत बल आणखी वाढतं. खऱ्या जगात ऊर्जा अशी फुकट मिळत नाही, गणितात मात्र मिळते. म्हणूनच अशी गंमत बहुधा टोकाच्या सेटअपमध्ये दिसते. गाडी जमिनीला टेकवलेली, स्प्रिंग दगडासारख्या. चाचणी करणाऱ्यांनी गाडी आणि सेटअपच्या हजारो जोड्या तपासल्या तरी खेळणारे लाखांत असतात, त्यातला कुणीतरी ती एक जोडी शोधतोच.

एसीसीमध्ये टायर प्रेशर पूर्वी 27.5 ठेवायचो. आता लोक 26 सांगतात. कोण बरोबर?

आताचं विचारत असाल तर दुसरे. एप्रिल 2023 च्या 1.9 आवृत्तीत एसीसी बनवणाऱ्या कुनोसने टायरचं मॉडेल पुन्हा घडवलं. याच सुमारास फेरारी 296, पोर्शे 992 आणि लॅम्बोर्गिनी हुराकान इव्हो 2 या नव्या जीटी3 गाड्या (स्पोर्ट्स कारच्या रेसिंग आवृत्त्यांचा एक वर्ग) गेममध्ये आल्या. त्याआधी कोरड्या रस्त्यावर चांगलं प्रेशर 27.5 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास होतं, ते खाली सरकून 26 ते 27 च्या पट्ट्यात आलं. एका पीएसआयचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण प्रेशर जास्त असलं की टायर मधे फुगतो, कडांचा रस्त्याशी संपर्क कमी होतो, मधला पट्टा तापतो आणि गाडी दहाव्या लॅपला बर्फावर चालल्यासारखी वाटते.

हा आकडा टायर तापल्यानंतरचा आहे. पिटमधून निघताना प्रेशर त्याहून कमी ठेवावं लागतं. हवेचं तापमान एक अंशाने बदललं की प्रेशर साधारण 0.1 पीएसआयने हलतं, हा अंदाज बहुतेक जण वापरतात आणि तो चालतो. म्हणजे 22 अंशांना जमवलेला सेटअप 30 अंशांच्या शर्यतीत तसाच नेला, तर प्रेशर जवळपास 0.8 ने वर जाईल. बरेच जण याचं खापर अपडेटवर फोडतात, पण दोष उन्हाचा असतो.

यूट्यूबवरचे जुने सेटअप व्हिडिओ अजून पहिल्या पानावर येतात, म्हणून व्हिडिओ कधीचा आहे ते आधी बघा. एप्रिल 2023 आधीचा असेल तर त्यातले प्रेशरचे आकडे सोडून द्या.

मेहनतीने जमवलेला सेटअप ठेवू की टाकून देऊ?

बाजूला ठेवा आणि गाडीच्या मूळ सेटअपपासून सुरुवात करा. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

कारण असं की, चांगला सेटअप निम्मा गाडीसाठी असतो आणि निम्मा त्या वेळच्या मॉडेलच्या खोडींवरचा तोडगा असतो. सर्वांत स्पष्ट उदाहरण ग्रान टुरिस्मो 6 चं. खऱ्या रेसिंग गाडीत चाकं वरच्या बाजूने आत कललेली ठेवतात, म्हणजे वळणात बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट बसतं. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. त्या गेममध्ये सुरुवातीला कॅम्बर दिला की ग्रिप उलट कमी व्हायची. जाणकारांनी सरसकट शून्य कॅम्बर ठेवला आणि वेळा काढल्या. नंतर अपडेटने हा घोटाळा दुरुस्त केला. त्या दिवशी शून्य कॅम्बरचे सगळे सेटअप एका फटक्यात निकामी झाले, तेही गेम अधिक खरा झाल्यामुळे.

म्हणून कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली घासत बसू नका. मूळ सेटअपवर दहाएक लॅप मारा, गाडी काय म्हणते ते ऐका, मग एका वेळी एकच गोष्ट बदला. जुन्या सेटअपमधलं काय टिकेल याचा माझा क्रम असा: गिअर बहुतेक वेळा तसेच चालतात, विंगही बऱ्यापैकी टिकते. डॅम्पर आणि अँटी-रोल बार पुन्हा बघावे लागतात. टायर प्रेशर आणि कॅम्बरवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग, मधे कुठेतरी बसतो. थ्रॉटल देताना गाडीची पाठ पूर्वीपेक्षा लवकर सुटत असेल तर पहिला हात तिथे लावा.

बॅलन्स ऑफ परफॉर्मन्सचा बदल आणि फिजिक्सचा बदल एकच का?

नाही. बॅलन्स ऑफ परफॉर्मन्समध्ये एखाद्या गाडीला थोडं वजन चढवतात किंवा ताकद कापतात, म्हणजे वेगवेगळ्या गाड्या बरोबरीने धावाव्यात. त्याने गाडी मंद किंवा जलद होते, पण तिचा स्वभाव बदलत नाही. सरळ रस्त्यावर मागे पडत असाल आणि वळणात सगळं पूर्वीसारखं असेल, तर कारण बहुधा हेच.

फरक नेमका कसा तपासायचा? लॅप टाइम बघून पुरे नाही का?

लॅप टाइम हा सर्वांत फसवा पुरावा आहे. अपडेटनंतर माणूस जपून चालवतो, वेळ घसरते. मग हात बसतो, वेळ सुधारते. यातलं फिजिक्स किती आणि तुम्ही किती, हे वेगळं काढता येत नाही.

एक गाडी, एक ट्रॅक, ठरलेलं तापमान, ठरलेलं पेट्रोल. पेट्रोलकडे दुर्लक्ष करू नका. 100 लिटर म्हणजे सुमारे 75 किलो, आणि एवढं वजन कमी-जास्त झालं तर एखाद्या अपडेटइतका फरक पडू शकतो.

ट्रॅक म्हणून मला इटलीतला मोंझा आवडतो, कारण तिथे प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट घट्ट वळणांना, जीटी3 गाडी ताशी 260-270 वरून जवळजवळ दुसऱ्या गिअरपर्यंत खाली येते. इथे ब्रेक सरळ रेषेत जोरात मारा आणि फक्त मागची बाजू बघा. ती डुलते का? पूर्वी डुलत नव्हती आणि आता डुलते, म्हणजे ब्रेकखाली वजन पुढे सरकण्याचं गणित हललं आहे. रोज्जा नावाच्या पुढच्या शिकेनला मुद्दाम आतला कर्ब घ्या. गाडी कर्ब गिळते की उडवून लावते, यावरून डॅम्पर आणि टायरच्या बाजूंचा कडकपणा कळतो. लेस्मो नावाच्या दोन वळणांपैकी दुसऱ्याला ब्रेक हळूहळू सोडत वळा. नाक आत येतं की बाहेर वाहतं?

शेवटी पाराबोलिका, ट्रॅकचं शेवटचं वळण. 2021 पासून तिचं अधिकृत नाव आल्बोरेटो वळण आहे, पण ड्रायव्हर अजून पाराबोलिकाच म्हणतात. लांब, हळूहळू उघडत जाणारं वळण. मधल्या भागात थ्रॉटल स्थिर धरा आणि स्टीअरिंग अगदी थोडं, नखभर, जास्त फिरवा. गाडी तेवढीच आत आली तर पुढच्या टायरांकडे अजून शिल्लक आहे. काहीच झालं नाही आणि स्टीअरिंग हलकं पडलं, तर तुम्ही शिखर ओलांडलं. आता जास्तीचं काढून घ्या आणि मोजा, ग्रिप परत यायला किती वेळ लागतो. लगेच परत आली की जराशा उशिराने? मघाशी सांगितलेला शिखरापलीकडचा उतार तुम्हाला हातात सापडतो तो इथे.

जुन्या आवृत्तीतला रीप्ले किंवा टेलिमेट्री (वेग, ब्रेक, स्टीअरिंग यांची नोंद) आधीच जतन केलेली असेल तर उत्तम. घोस्टशी, म्हणजे जुन्या लॅपच्या पारदर्शक गाडीशी, शर्यत लावू नका, त्याच्या ब्रेक मारण्याच्या जागा बघा.

मी कंट्रोलरवर खेळतो. मित्र व्हीलवर. त्याला फरक जाणवतो, मला नाही. असं का?

कंट्रोलरची काडी तुम्ही झटक्यात टोकाला नेता, पण गेम चाकं तितक्या झटक्यात फिरवत नाही. मधे एक गाळणी असते. ती वेगानुसार वळण मर्यादित करते आणि काही गेममध्ये टायरच्या शिखराच्या जवळपासच तुम्हाला थांबवते. त्यामुळे उतार बदलला तरी तुम्ही तिथवर पोचतच नाही. कधीकधी उलटही होतं, फिजिक्स जागच्या जागी आणि गाळणीच बदललेली. फोर्झात सिम्युलेशन स्टीअरिंग चालू करून बघा, गाळणी बरीच पातळ होते. आणि मग रडू नका.

व्हीलवाल्यांची अडचण वेगळी. लॉजिटेक जी29 सारख्या व्हीलचा जोर सुमारे 2 न्यूटन-मीटर. अपडेटनंतर गेमकडून येणारं बल वाढलं, तर मोटर कायम कमाल मर्यादेला अडकते आणि वरचे बारकावे कापले जातात. स्टीअरिंग जड लागतं, पण बोलत काहीच नाही. अशा वेळी गेममधला फोर्स फीडबॅकचा, म्हणजे व्हीलमधून हाताला येणाऱ्या बलाचा, जोर कमी करा. हलक्या स्टीअरिंगमधून जास्त माहिती मिळते, हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही.

खऱ्या फॉर्म्युला वन ड्रायव्हरने तपासलेलं फिजिक्स असेल तर ते बरोबरच असणार ना?

एफ1 24 या फॉर्म्युला वनच्या गेमचं घ्या. मे 2024 च्या अखेरीस हा गेम आला तेव्हा 'डायनॅमिक हँडलिंग' नावाच्या नव्या प्रणालीची जाहिरात झाली आणि तिच्या घडणीत फॉर्म्युला वन ड्रायव्हर मॅक्स वर्स्टापेनचा सहभाग असल्याचं सांगितलं गेलं. तरी अनुभवी खेळाडूंनी आरडाओरडा केला की गाड्या वळणात नको तितक्या चिकटतात. प्रकाशनानंतर लवकरच हाताळणी बदलणारे पॅच द्यावे लागले.

ड्रायव्हर सांगतो ते बरोबरच असतं. पण तो 'मागची बाजू इथे जास्त सुटते' असं सांगतो, आणि ते समीकरणात कुठे बसवायचं हे दुसरा कुणी ठरवतो. शिवाय लाखो कंट्रोलरवाल्यांना झेपेल असं काहीतरी विकायचं असतं.

माझी घरची स्विफ्ट कधी अशी सुटत नाही. मग गेममधल्या गाड्या खऱ्या कशा?

स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालते आणि रस्त्यावरच्या गाड्या मुद्दामच आधी अंडरस्टीअर होतील अशा घडवलेल्या असतात, कारण घाबरलेला माणूस पाय काढतो आणि गाडी सावरते. तुम्ही रस्त्यावर ग्रिपच्या अर्ध्यापर्यंतही जात नसाल. जाऊही नका.

असे बदल कधी येणार हे आधी कळतं का?

आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या गेममध्ये कळतं. वर्षाला चार सीझन, प्रत्येक बारा आठवड्यांचा, आणि मधला तेरावा आठवडा नव्या बिल्डसाठी. मोठे बदल साधारण तेव्हाच येतात. पावसाचं फिजिक्सही मार्च 2024 मध्ये असंच नव्या सीझनसोबत आलं. तेराव्या आठवड्यात गंभीर शर्यत लावून रेटिंग घालवणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. अर्ली ॲक्सेसमधल्या, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला काढलेल्या, गेमचं मात्र काही खरं नसतं. जानेवारी 2025 मध्ये त्या टप्प्यावर आलेला असेटो कोर्सा इव्हो घेताना गाडी महिन्या-दोन महिन्यांनी बदलणार, हे धरूनच घ्यायला हवं होतं.

जुनं फिजिक्स परत आणता येतं का?

ऑनलाइन गेममध्ये नाही. सर्वांची आवृत्ती एकच असावी लागते, नाहीतर शर्यतीला अर्थ उरत नाही. कन्सोलवर तर विषयच नाही. पीसीवरच्या स्टीम या गेमच्या दुकानात काही मोजके गेम जुन्या आवृत्त्यांची शाखा उघडी ठेवतात. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाच्या खिडकीत बघा, असेल तर तिथे दिसेल.

सतत बदलणाऱ्या गाडीचा कंटाळाच आला असेल, तर डिसेंबर 2014 चा मूळ असेटो कोर्सा घ्या. कुनोसने त्याला कित्येक वर्षांत हात लावलेला नाही, टायरचं मॉडेल आहे तिथेच आहे आणि सेलमध्ये तो अगदी स्वस्तात मिळतो. फक्त कस्टम शेडर्स पॅच ही बाहेरच्यांनी बनवलेली भर टाकणार असाल तर लक्षात ठेवा, त्यात फिजिक्सची स्वतःची भर आहे आणि काही मॉड गाड्या, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या गाड्या, त्यावरच चालतात. तो पॅच मात्र अपडेट होत असतो.